दारफळणीचा सण

प्रश्न : हिब्रू आणि यिद्दिश सोडून ज्यूंच्या आणखीही भाषा होत्या म्हणे. त्या आज कोणी बोलतं का?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : बोलतात. त्यांतली एक, कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंची मराठी, तर तुमच्या घरापासून दोन तासांवर वाढली.

माझं लहानपण अलिबागला, इस्राएल आळीच्या जवळ गेलं. शेजारच्या मावशी बेने इस्राएल. शनिवारी त्यांच्याकडे कामाला सुट्टी. आमच्याकडच्या ज्यूंना ‘शनवार तेली’ म्हणत ते यामुळेच. पूर्वी त्यांचे तेलाचे घाणे असत आणि ते शनिवारी बंद राहत. मावशींच्या तोंडी सणांची हिब्रू नावं क्वचितच यायची. रोश हशानाला, म्हणजे ज्यूंच्या नववर्षाला, त्या ‘नव्याचा सण’ म्हणत, योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, ‘दारफळणीचा सण’, कारण त्या दिवशी दार लावून घरातच राहायचं. जेरुसलेमच्या उद्ध्वस्त मंदिराच्या दुखवट्याचा उपास म्हणजे ‘बिरड्याचा रोजा’. कुठलं जेरुसलेम आणि कुठलं वालाचं बिरडं! शेकडो वर्षं कोकणात राहून हिब्रूतलं बहुतेक विसरलं गेलं, ‘शेमा’ची प्रार्थना तेवढी उरली आणि बाकीचा धर्म मराठीतच जगला. पुढे त्यांनी पुस्तकंही काढली. वल्हांडण या ज्यूंच्या सणाच्या रात्री वाचायचा ‘हग्गादा’ 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये पुण्यात मराठीसह छापला गेला.

1948 नंतर बहुतेक लोक इस्रायलला गेले. लोद, रामला, दिमोना, अश्दोद इथल्या घरांत म्हातारी माणसं आजही मराठी बोलतात. नातवंडं हिब्रूत उत्तर देतात. मलिद्याचा विधी मात्र होतो. पोहे, गूळ, खोबरं एकत्र केलं जातं, एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे संदेष्टा एलियाचं, नाव घेतलं जातं.

इतर भाषांची गत वेगवेगळी आहे. 1492 मध्ये स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंनी लादिनो, म्हणजे त्यांची स्पॅनिश, तुर्कस्तानापर्यंत नेली. इस्तंबूलमध्ये ‘एल अमानेसेर’ नावाचं संपूर्ण लादिनोतलं मासिक निघतं. अझरबैजानात कुबा शहराजवळच्या क्रास्नाया स्लोबोदा वस्तीत तिथल्या ज्यूंची जुहुरी बोलली जाते. ती फारसीच्या कुळातली. इराकमधल्या झाखो गावाची ज्यू अरामी बोलणारे 1950–51 च्या सुमारास इस्रायलला गेले. जन्मापासून ती बोलणारे आता वयस्कर. दक्षिण फ्रान्समधल्या ज्यूंची शुआदित संपली. ती येणारे शेवटचे गृहस्थ, लेखक आरमाँ ल्युनेल, 1977 मध्ये गेले.

बेने इस्राएलांचं बोलणं ही वेगळी भाषा की मराठीचीच बोली, यावर अभ्यासक वाद घालतात. मला विचाराल तर ती मराठीच, आणि म्हणून तिची काळजी आपलीही. तुमच्या ओळखीत कोणी पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर असतील, त्यांच्या घरी या समाजातली आजी असेल, तर जा आणि तिला दारफळणीच्या दिवशीचं सांगायला सांगा. ती बोलत असताना फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवा, तिची परवानगी घेऊन. मी मावशींचं केलं नाही, ते मला फार लागतं.