पावसाची डॉट एनसी फाइल नोटपॅडमध्ये का उघडत नाही? साधी सीएसव्ही का देत नाहीत?

तुमचा प्रश्न मला असा कळला: भूगोलाच्या प्रकल्पासाठी हवामान खात्याची पावसाची 'डॉट एनसी' फाइल उतरवून घेतली, नोटपॅडमध्ये उघडली तर नुसती चित्रविचित्र अक्षरं. कुणी म्हणालं, ही 'स्वतःची माहिती स्वतःच सांगणारी' फाइल आहे. मग ती सांगत का नाही? आणि साधी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेली मजकुराची फाइल, का देत नाहीत?

सांगते, पण नोटपॅडला नाही. नोटपॅड प्रत्येक बाइटला अक्षर समजतं, आणि इथे बाइटांत आकडे साठवलेले असतात. आणि न सांगणारी फाइल कशी असते ते एकदा पाहिलं की हिची किंमत कळते.

पुण्याच्या हवामान खात्याचा रोजच्या पावसाचा पाव अंशाच्या जाळीवरचा (नकाशावर दर पाव अंशाला एक बिंदू) संच १९०१ पासूनचा आहे आणि तो दोन रूपांत मिळतो. एक तुमचं नेटसीडीएफ (म्हणजेच डॉट एनसी), दुसरं 'डॉट जीआरडी'. मी शिकले ते जीआरडीवर. त्यात फक्त आकडे असतात, एकामागून एक. १३५ रेखांश, १२९ अक्षांश, प्रत्येक आकडा ४ बाइटांचा. दिवसाला ६९,६६० बाइट, वर्षाला अडीच कोटींच्या वर. जाळी ६.५ उत्तर, ६६.५ पूर्व इथून सुरू होते. पुण्याला जवळचा बिंदू १८.५ उत्तर, ७३.७५ पूर्व, म्हणजे खालून ४९वी ओळ आणि त्यातला ३०वा आकडा. १ जानेवारीचा पुण्याचा पाऊस हवा असेल तर २६,०३६ बाइट सोडायचे आणि पुढचे ४ वाचायचे. यातलं एक अक्षरही फाइलीत लिहिलेलं नसतं. ते असतं सोबतच्या माहितीपत्रकात, आणि ते पत्रक कुणाच्या तरी जुन्या पेनड्राइव्हवर!

माझी फजिती इथेच झाली. कोकणाचा चौकोन कापून जुलैची सरासरी काढली, तर पाऊस आला उणे. दोन दिवस प्रोग्रॅममधली चूक शोधत बसले. प्रोग्रॅम बरोबर होता. चौकोनात अर्धा अरबी समुद्र होता, आणि जिथे माहिती नाही तिथे -९९९ भरलेलं असतं. तेही पत्रकातच होतं, खालच्या ओळीत.

तुमच्या फाइलीत हे सगळं आतच असतं. सुरुवातीला एक मथळा असतो. त्यात मिती (दिवस, अक्षांश, रेखांश आणि त्या प्रत्येकाची लांबी), चलं (पाऊस, आणि अक्षांश-रेखांशांचे प्रत्यक्ष आकडे) आणि प्रत्येक चलाला चिकटवलेल्या चिठ्ठ्या: एकक काय, रिकाम्या जागेचा आकडा कोणता, वेळ कुठल्या तारखेपासून मोजली. 'एनसीडम्प' नावाची आज्ञा 'वजा एच' लावून चालवली की हा मथळा साध्या मजकुरात समोर येतो. पहिलं काम हेच करा. आज्ञा टाइप करायचा कंटाळा असेल तर नासाचा पॅनोप्ली नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. क्लिक करा, नकाशा बघा.

सीएसव्हीबद्दल. एका वर्षाचे १३५ × १२९ × ३६५ म्हणजे साडेत्रेसष्ट लाख आकडे होतात. प्रत्येकासमोर तारीख, अक्षांश, रेखांश लिहीत बसलात तर तितक्याच ओळी. एक्सेल १०,४८,५७६ ओळींवर हात टेकतं. शिवाय सीएसव्हीत पुण्याचा पाऊस शोधायला अख्खी फाइल वाचावी लागते; इथे लायब्ररी (फाइल वाचून देणारा तयार कोड) मथळा बघून नेमक्या जागी उडी मारते. ते २६,०३६ चं गणित ती करते, तुम्ही फक्त अक्षांश-रेखांश सांगायचे.

हे आलं कुठून? १९८० च्या दशकात नासाच्या गोडार्ड केंद्राने सीडीएफ नावाची अशी सोय केली होती. ती कल्पना घेऊन कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या युनिडेटा या संस्थेने कुठल्याही संगणकावर चालेल असं नेटसीडीएफ बांधलं. त्याच सुमारास इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात एचडीएफ नावाची तशीच फाइल-रचना तयार होत होती (पुढे मोझेक ब्राउझर काढला तीच ही संस्था). २००८ मध्ये नेटसीडीएफची चौथी आवृत्ती आली आणि तिने आतली साठवण सरळ एचडीएफ५ वर सोपवली. त्यामुळे आजच्या बऱ्याच डॉट एनसी फाइली आतून एचडीएफ५ च असतात.

लायब्ररी कोणती? पायथन येत असेल तर एक्सअ‍ॅरे, दुसरा विचार नको. अक्षांश-रेखांश सांगून कापता येतं आणि रिकाम्या जागा ती स्वतः बाजूला ठेवते. जागा वाचवायला आकडे पूर्णांकात दाबून ठेवलेले असतील तर गुणक-बेरीज लावून मूळ किंमतही तीच काढते. एच५पाय ही पायथनचीच एचडीएफ५ वाचणारी लायब्ररी मात्र हे करत नाही. ती दाबलेला आकडा जसाच्या तसा हातात देते, आणि तापमान बघून माणूस चक्रावतो. पायथनऐवजी आर ही भाषा वापरत असाल तर टेरा चालेल.

आता एक इशारा, कारण 'स्वतः सांगणारी' या शब्दावर लोक फार विसंबतात. फाइल रचना सांगते. अर्थ, लिहिणाऱ्याने जेवढा लिहिला तेवढाच. इस्रोच्या मोसडॅक या संकेतस्थळावरची इन्सॅट-३डी या हवामान उपग्रहाची चित्रं एचडीएफ५ मध्ये असतात. ती उघडतात झटकन, पण चित्रातला आकडा तापमान नसतो. तो एक क्रमांक असतो आणि त्याच फाइलीतल्या दुसऱ्या तक्त्यात त्या क्रमांकासमोर तापमान असतं. हे ज्याला माहीत नाही तो क्रमांकांचाच नकाशा काढून मोकळा होतो.

तुमच्या पावसातही अशीच एक गोम आहे. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, आणि आधीच्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर पडतो. मुंबईत २६ जुलै २००५ ला जे झालं, तो सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदीत २७ जुलैला आहे. उपग्रहाच्या पावसाशी तुलना करणार असाल, आणि तिकडचा दिवस ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून मोजलेला असेल, तर आधी हे जुळवा. आणि हो, जाळीत ९४४ शोधू नका. त्या दिवशी कुलाब्याला ७३ च होता, आणि जाळीचा आकडा आसपासची केंद्रं मिसळून बनतो.