रोज साधना करूनही भीती जात नाही, उलट एखादा दिवस चुकला की जास्तच वाटते. काय करावं?

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, कंसात टाकलंय. त्याआधी जे लिहिलंय ते आजकाल ठाणे-नवी मुंबईत बऱ्याच घरांत ऐकू येतं: घणसोलीत फ्लॅट, त्याचा हप्ता, आयटीतली नोकरी, टीममधल्या दोघांना अचानक निरोप, गावी वडिलांना हृदयाचा त्रास, आणि रात्री दोन-अडीचला छाती धडधडत येणारी जाग. मग उपायांची यादी: पहाटे नामाच्या अकरा माळा, गुरुवारचा उपास, शनिवारी मारुतीला तेल, तिन्हीसांजेला रामरक्षा, झोपताना कानात कुणाचं तरी प्रवचन. आणि मग कंसात, ‘एखाद्या दिवशी माळा राहिल्या तर दिवसभर वाटत राहतं की आता काहीतरी वाईट होणार.’

माझ्या मते उत्तर त्या कंसात आहे. तुम्ही भीती घालवायला देवाकडे गेलात आणि येताना आणखी एक भीती घेऊन आलात. नोकरीची होती, वडिलांची होती, आता माळेचीही झाली. अशी साधना कितीही वाढवली तरी शांती मिळत नाही, कारण ती संरक्षणाचा हप्ता होऊन बसलेली असते. घराचा हप्ता निदान वीस वर्षांनी फिटतो, हा फिटतच नाही.

रागावू नका. मी नास्तिक नाही, रोज रामरक्षा म्हणणारी बाई आहे. पण हे मी घरात लहानपणापासून पाहिलंय. ठाण्यातल्या चरईत माझी आत्या राहायची. तिचं सात दिवसांचं पारायण सुरू झालं की घरात कर्फ्यू. कुणी मोठ्याने बोलायचं नाही, कुणी शिवायचं नाही, कुकरची शिट्टीसुद्धा गुन्हा. एकदा चौथ्या दिवशी भावकीत सुतक आलं आणि पारायण मोडलं. त्यानंतर घरात दूध नासलं तरी आत्या त्याचा संबंध त्या मोडलेल्या पारायणाशी लावायची. गुरुजींना विचारलं तर ते बिचारे म्हणाले, “अहो मावशी, राहिलं तर राहिलं. सुतक फिटलं की पुन्हा वाचा.” आत्याला ते गुरुजीच पटेनात. तिने दुसरे, जरा कडक गुरुजी शोधून काढले! आम्ही मुलं तेव्हा हसलो होतो. आता वाटतं, भ्यालेल्या माणसाला सौम्य उत्तर पचतच नाही, त्याला शिक्षा सांगणाराच खरा वाटतो. तुमच्या मोबाइलवर ‘हे केलं नाही तर’ अशा मथळ्यांची प्रवचनं का येत राहतात, याचंही कारण तेच.

भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी आहे, सव्वीस गुणांची. त्यातला पहिलाच गुण अभय. दान, तप, स्वाध्याय हे सगळं त्याच्या मागून येतं. ज्ञानेश्वरांनी त्या एका शब्दावर जे सांगितलंय ते मला फार उपयोगी पडलं. त्यांचा रोख असा, की जो महापुरात उडीच घेत नाही त्याला बुडण्याची धास्ती कसली, आणि जो पथ्याने राहतो त्याच्या घरी रोगाची मोजदाद कशाला. तसंच, कर्म करताना ‘मी करतोय’ हा अहंकार डोकं वर काढू दिला नाही की संसाराचा दरारा सुटतो. म्हणजे अभय हे भीती आल्यावर घ्यायचं औषध म्हणून येत नाही, आधीपासून पाळायचं पथ्य म्हणून येतं. आपण नेमकं उलट करतो. धडधड सुरू झाली की माळ ओढतो, आणि बरं वाटलं की माळ खुंटीला. असं वर्षानुवर्षं चाललं की मनाला नामाचा आणि संकटाचा एकत्र वास येऊ लागतो. माळ हातात घेतली की आधी छातीच दचकते.

म्हणून माझा पहिला सल्ला तुम्हाला कदाचित आवडणार नाही: यादी कापा. पाचातलं एक ठेवा, बाकीचं काही महिने बाजूला ठेवा. देव रागावणार असेल तर त्याने एवढा काळ तुमचा उद्योग कसा सहन केला, हाही प्रश्न येतोच. जे ठेवाल त्याला संख्या लावू नका आणि बदल्यात काही मागू नका. ‘बाबांना बरं वाटू दे’ हेसुद्धा नको. ते वेगळं, कधीही, साध्या शब्दांत सांगा. साधनेच्या वेळात नको.

संख्येचं का म्हणते ते हिशेबाने सांगते. (तुर्भ्याला एका पेढीत जमाखर्च सांभाळण्यात आयुष्य गेलं, सवय जात नाही.) अकरा माळा म्हणजे ११८८ नामं. प्रत्येक लांब, सावकाश उच्छ्वासावर एक नाम घेतलं आणि मिनिटाला सहा श्वास धरले तर एका माळेला अठरा मिनिटं लागतात, अकरा माळांना तीन तासांच्या वर. तुम्हाला पावणेआठची गाडी गाठायची असते. म्हणजे तुम्ही ती नामं धापा टाकत उरकता. आणि उथळ, भराभर श्वास हे तर घाबरलेल्या शरीराचंच लक्षण. मग शरीर शांत कसं होणार?

सहा श्वासांचा आकडाही मी हवेतून काढलेला नाही. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतल्या डॉक्टरांचा एक प्रयोग छापून आला होता. ख्रिस्ती लोकांची माळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना माणसांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास उतरत होता, आणि रक्तदाब सावरणारी शरीरातली यंत्रणा जास्त चांगली चालत होती. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. आपल्या आज्यांना हे शब्द माहीत नव्हते, पण अभंग आळवून म्हटला की जिवाला बरं वाटतं हे त्यांना माहीत होतं.

मी काय करते ते सांगते, कारण तुम्ही ‘रोजच्या जगण्यात’ असं विचारलंय. सकाळी ठाण्याहून ट्रान्सहार्बरची गाडी पकडते. आमच्या डब्यात पुढच्या बाजूला बायका भजन म्हणतात, टाळ असतात, एक जण डब्याच्या पत्र्यावर ठेका धरते. ऐरोलीपर्यंत मी त्यांच्यात. पुढे गर्दी वाढते, तेव्हा डोळे उघडे ठेवूनच नुसता श्वास सोडते, लांब, आतल्या आत ‘राम’ म्हणत. रबाळे, घणसोली, कोपरखैरणे. मध्येच कुणी पर्स खांद्यात घातली, कुणी जागेवरून भांडलं, तर तेवढा वेळ सुटतं, पुन्हा धरते. मोजत नाही. त्या वेळी मला कसलीही भीती नसते, आणि म्हणूनच तो वेळ निवडला. शरीराला शांत वेळी जे शिकवलं, ते वादळात थोडंफार आठवतं. वादळातच शिकवायला गेलं तर काही उमगत नाही.

संध्याकाळी रामरक्षा. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण तुम्हीही म्हणता. तिच्यातलं कवच वरून खाली येतं: डोकं, कपाळ, डोळे, कान, नाक, तोंड, जीभ, कंठ, खांदे, हात, हृदय, नाभी, कंबर, मांड्या, गुडघे, पोटऱ्या, पाय, आणि शेवटी सगळं शरीर. हा भाग सावकाश म्हणा आणि जो अवयव येईल तिथे क्षणभर लक्ष न्या. खांदे कानांपर्यंत चढलेत, जबडा आवळलाय, हे तेव्हा कळतं. कळलं की बऱ्याचदा आपोआप सैल होतं. भीतीचं राहण्याचं ठिकाण शरीर आहे, विचार नंतर येतात, असा माझा अनुभव. विपश्यनेतही साधारण असंच आहे. दहा दिवसांच्या शिबिरात आधी काही दिवस फक्त श्वास पाहायला लावतात आणि मग डोक्यापासून पायापर्यंत संवेदना. बेलापूरला पारसिक डोंगरावर त्यांचं केंद्र आहे, शिबिराला शुल्क नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर चालतं. पण तुम्ही आत्ता लगेच जावं असं मला वाटत नाही. दहा दिवस मौन, फोन बंद, जपमाळही बाजूला. रोज रात्री धडधडणाऱ्या माणसाला ते झेपेलच असं नाही. अर्जात मानसिक तब्येतीबद्दल विचारतात तिथे खरं लिहा.

आता रात्रीचे अडीच. माझ्या नवऱ्याची बायपास झाली तेव्हापासून अवेळी फोन वाजला की माझे हात गार पडतात. अजूनही पडतात. साधनेने ते थांबलं असं सांगितलं तर खोटं होईल. पूर्वी त्या फोननंतर, तो राँग नंबर असला तरी, सकाळपर्यंत डोळा लागत नसे. आता उठून बसते, पाय जमिनीला टेकवते, पाणी पिते, श्वास सोडत राहते आणि धडधड उतरायची वाट बघते. ती उतरतेच, शरीर एवढा वेळ चढत्या पट्टीत राहू शकत नाही. तिला हाकलायला मात्र जाऊ नका. ‘जा, जा’ म्हणत केलेला जप तिलाच खुराक देतो. आणि फोन हातात घेऊ नका, प्रवचनासाठीसुद्धा नाही.

जे खरोखर करायचं आहे ते दिवसा करा. नोकरीची भीती खोटी नाही. सहा महिन्यांचे हप्ते निघतील एवढी रक्कम वेगळ्या ठेवीत बाजूला काढायला लागा, बायोडेटा ताजा ठेवा, वडिलांचे रिपोर्ट एका फायलीत लावा, त्यांच्या डॉक्टरांचा नंबर भावाकडेही असू द्या. प्रार्थनेला बँकेचं आणि डॉक्टरांचं काम सांगितलं की ती दोन्हीकडे नापास होते. ज्ञानेश्वरांच्या ‘पथ्या’त माझ्या मते हेही येतं.

आणि स्वतःची तपासणी करून घ्या. धडधडीमागे थायरॉइड असू शकतो, हृदयाची लय असू शकते, कधी नुसता संध्याकाळचा चौथा कप चहा. घरात हृदयाचा आजार आहे, तर ईसीजीला आळस नको. सगळं ठीक निघालं आणि जाग येतच राहिली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आम्हा ठाणेकरांना ‘तुला ठाण्याला पाठवायला हवं’ हा विनोद जन्मापासून ऐकावा लागतो, १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे म्हणून. पण याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आय.पी.एच. ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करते आहे, आणि तिथे जाणारी बहुतेक माणसं तुमच्या-माझ्यासारखी लोकलने येतात. इतकंही जमत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस, म्हणजे फोनवरून मानसिक मदतीचा, क्रमांक आहे, फुकट आणि चोवीस तास, मराठीतही बोलतात. गोळी लागली तर घ्या. देवाला त्याचं काही वाटत नाही.

‘चुकलं तर वाईट होईल’ ही भीती फार घट्ट असेल तर डॉक्टरांना तीही सांगा. या प्रकारच्या भीतीवर एक मान्य उपचार आहे: जे न केल्याने भीती वाटते ते ठरवून न करणं, आणि त्यानंतरची अस्वस्थता न पळता सोसणं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमचं तेच आहे असं म्हणत नाही.

मारुतीचं तेल? वाहा की, पण जमेल तेव्हा, आणि तिथे काही न मागता पाच मिनिटं बसा. मी कधी कधी दुपारी कौपिनेश्वराच्या देवळात तशी बसते. बाहेर तलावपाळीवर भेळवाल्यांची, रिक्षांची एवढी कलकल असते, तरी आत बसवतं. मागणं नसलं की देवळात किती निवांत वाटतं हे एकदा बघाच.

सुरुवात कुठून करू म्हणाल तर येत्या गुरुवारी उपास करू नका. दुपारी नीट वरणभात जेवा. संध्याकाळपर्यंत जीव खालीवर होईल, होऊ द्या, आणि त्याची भरपाई म्हणून रात्री चार माळा जास्त ओढू नका. शुक्रवारी काय झालं ते इथे खाली लिहा, मी वाचेन.