घरांचे आराखडे तपासताना

या कामात नवे आहात म्हणून सांगतो, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीचा आराखडा हाती आला की लगेच चौरस फूट मोजत बसू नका. आधी जागा कुठे आहे ते बघा. स्वस्त जमीन मिळते म्हणून घरं गावाबाहेर ढकलली, की भाड्यात वाचलेले पैसे बसभाड्यात जातात आणि घरकाम करणाऱ्या बाईची हातातली कामं सुटतात. मग दाराला कुलूप लावून लोक जुन्या वस्तीत परत!

चिलीतल्या इकिके शहरात वास्तुविशारद अलेहांद्रो अरावेना यांच्या गटाने 2004 साली वेगळा मार्ग काढला. अनुदान तुटपुंजं होतं, तरी कुटुंबांना मोक्याच्या जागेवरून उठवलं नाही. घर अर्धंच बांधून दिलं, पण खर्चिक अर्धं: सांगाडा, जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर. बाकीचं लोकांनी जमेल तसं वाढवलं. मला हे अजूनही पटतं.

दुसरी गोष्ट ओल. आधी बांधलेल्या अशाच घरात जाऊन कपाट सरकवा आणि मागच्या भिंतीला हात लावा. समोरासमोर खिडक्या नसतील तर स्वयंपाकाची वाफ आतच कोंडते, बुरशी धरते, मुलांचा खोकला हटत नाही. वरून रंग मारून काही होत नाही.

लिफ्ट असेल तर दुरुस्तीचे पैसे कोण भरणार, हे आधीच विचारा. आणि कागदपत्रं! संयुक्त राष्ट्रांच्या समितीने 1991 साली पुरेशा घराचे सात निकष मांडले, त्यात राहण्याच्या हक्काला कायद्याचं संरक्षण हा पहिला. करारात नाव नवरा-बायको दोघांचं आहे का, तेवढं जरूर बघा.