आधी भाभीसांशी बोल

पत्र थोडक्यात असं: "मी ३६ वर्षांची. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एकटी जैसलमेरला जातेय, एक दिवस शहरात आणि मग खुरी गावात दोन रात्री होमस्टे. आई रोज फोनवर रडते, भाऊ म्हणतो वेड लागलंय, सोबत येणारी मैत्रीण ऐनवेळी नाही म्हणाली. पेपर स्प्रे, शिट्टी, दाराचा अलार्म, दोन सिमकार्डं, सगळं घेतलंय. होमस्टेवाले भैया फोनवर छान बोलले, नो प्रॉब्लेम मॅडम म्हणाले. तिथले ड्रायव्हर, उंटवाले, गावातले पुरुष कसे असतात? घुंघटातल्या, डोक्यावर घडे घेतलेल्या बायकांचे फोटो मिळाले की ट्रिप वसूल. जाऊ की नको?"

जा. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं नीट वाचशील. आईचं रडणं आणि मैत्रिणीनं टांग देणं यावर मी काही बोलणार नाहीये, त्यावर तू दीड पान लिहिलंयस आणि त्या दीड पानाचा खुरीत काडीचा उपयोग नाही.

मी अडकले ते तुझ्या त्या फोटोच्या वाक्यावर. अगं तुझ्या पत्रात पुरुष किती आहेत बघ, भैया, ड्रायव्हर, उंटवाला, गावातले पुरुष, शिवाय भाऊ. आणि ज्या गावात तू दोन रात्री झोपणारेस तिथल्या बायका? एका वाक्यात, त्याही फोटोपुरत्या. त्या घरात बाई आहे का, किती जणी आहेत, हे तू भैयाला विचारलंसुद्धा नाहीस. मला याचा राग आला, खरंच आला, कारण पुरुष आपल्याकडे कसे बघतील म्हणून तू शिट्टीपर्यंत सगळी तयारी केलीस आणि स्वतः तिथल्या बायकांकडे कशी बघणारेस याचा विचार एक मिनिटही केला नाहीस.

आणि हा फक्त चांगुलपणाचा मुद्दा नाहीये, तुझ्या सेफ्टीचाच आहे. खुरी जैसलमेरपासून जवळजवळ ५० किलोमीटर आत. डिसेंबरअखेरीस तिकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि उजाडायला सव्वासात होऊन जातात, देशाच्या पार पश्चिमेला आहे ना ते, घड्याळ मात्र सगळ्यांचं एकच. म्हणजे तेरा तासांची रात्र. कोरडी हवा, त्यामुळे वाळू बघता बघता गार पडते, पारा दहाच्या खाली जातो आणि फोनला रेंज असेलच असं नाही. ११२ नंबर पाठ असू दे, पण ५० किलोमीटरवरून मदत यायला वेळ लागतो. त्या तेरा तासांत तुला रात्री दोन वाजता बाथरूमला जायचंय, बाहेर कुत्री भुंकतायत, पोटात दुखतंय किंवा पाळी आलीये, तेव्हा हाक कोणाला मारणार? भैयाला?

मी स्वतः अशा एका ढाणीत, म्हणजे वाळवंटातल्या छोट्या वस्तीत राहिलेय, खूप वर्षांपूर्वी. दिवसभर घरातली बाई माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, सासरे अंगणात होते, ओढणी पार हनुवटीपर्यंत. रात्री आतल्या चौकात आम्ही बायकाच उरलो तेव्हा तिनं घुंघट मागे टाकला आणि माझी खाट उचलून सरळ आपल्या खाटेशेजारी आणून ठेवली. न विचारता. त्यानंतर गावात मला कोणी एकटी आलेली बाई म्हणून बघितलं नाही, मी अमक्या घरची पाहुणी झाले. तो घुंघट कधी असतो, कोणासमोर असतो, हे तिचं तिला माहिती, आणि तिचा चेहरा परक्या बाईच्या फोनमधून कुठेकुठे फिरला तर सासरी बोलणी तीच खाणार, तू नाही. आणि ते घडे. वर्षाला जेमतेम १५ ते २० सेंटीमीटर पाऊस पडतो तिथे, ते रोजचं पाणी असतं गं, टांक्यातून, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या जमिनीखालच्या टाकीतून, नाहीतर बेरीतून, म्हणजे अरुंद छोट्या विहिरीतून काढून आणलेलं. तू आंघोळीला बादली मागशील ना, ती त्याच घड्यातली असू शकते.

तर एकच कर. भैयाला परत फोन लाव आणि सरळ म्हण, "भाभीसा से बात करवा दीजिए." भाभीसा म्हणजे त्या घरची वहिनी. ती लाजेल, हसेल, फोन सासूकडे देईल, देऊ दे, सासू तर आणखी चांगली. तिला विचार, मी येते त्या दिवसांत तुम्ही घरीच आहात ना, की पीहरला जाणार? (माहेरी गेलेली असेल तर त्या घरात तू आणि पुरुष, बस.) मी झोपणार कुठे, तुमच्या जवळ की लांबच्या झोपड्यात? संध्याकाळी वाळूच्या टेकड्यांवर जाताना घरातलं कोणी सोबत येईल का, मुलगी, दीर, कोणीही? हिंदी मोडकी असेल तिची, मारवाडी मिसळून बोलेल, पण उत्तरं कळतील तुला, आवाजावरूनही कळतं.

आणि भैया "अरे मॅडम, उसको क्या पूछना, सब सेफ है" म्हणत फोन देईचना, तर ते बुकिंग त्याच क्षणी कॅन्सल कर, पैसे गेले तर जाऊ देत, आणि दुसरं घर शोध जिथे बाई फोनवर येते. यात मला चर्चा नकोय.

कपड्यांचंही तिलाच विचार, माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं. कॅमेरा पहिल्या दिवशी बॅगेतच राहू दे, दुसऱ्या दिवशी तिनंच काढ म्हटलं तर काढ, नाहीतर नको.

फोन दुपारी कर, तीनच्या सुमारास. सकाळ-संध्याकाळ ती पाण्यात, गुरांत आणि चुलीपाशी असेल, दुपारी जरा टेकते.