वाचक विचारतात : एम-५१ मधले बदलते क्ष-किरण स्रोत

प्रश्न : एम-५१ या सर्पिल दीर्घिकेतल्या एका स्रोताचा प्रकाशवक्र (वेळेनुसार तेजाचा आलेख) नासाच्या 'चंद्रा' या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीच्या २०१२ च्या निरीक्षणातून (क्र. १३८१४) काढला. ७०७ सेकंदांची आवर्तता मिळते. हा जोडतारा समजावा का?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, अमळनेर

इतक्यात नको. ७०७ आकडा दिसला की आधी दुर्बिणीवर संशय घ्यायचा. एकाच पिक्सेलवर सगळा भार पडू नये म्हणून चंद्रा मुद्दाम हळूहळू डोलत निरीक्षण करते. त्या निरीक्षणात एका दिशेचा डोल १००० सेकंदांचा होता, दुसऱ्या दिशेचा ७०७ चा. स्रोत कॅमेऱ्यातल्या किरण टिपणाऱ्या चिपच्या कडेला, दोन चिपांमधल्या फटीपाशी किंवा पिक्सेलांच्या खराब स्तंभाजवळ असेल, तर दर डोलाला काही फोटॉन हुकतात आणि खोटी लय तयार होते. त्यांचे निम्मे, म्हणजे ५०० आणि ३५३ सेकंदही याच घरातले.

चंद्राचा डेटा तपासायच्या 'चाओ' या मोफत सॉफ्टवेअरमधलं 'डिदर रीजन' हे साधन चालवा. स्रोताभोवतीच्या वर्तुळाचा किती भाग कोणत्या क्षणी चिपवर होता, ते त्यातून कळतं. त्यातून मिळालेली फाइल 'ग्लव्हॅरी' या त्यातल्याच दुसऱ्या साधनाला जोडून बदलाचा निर्देशांक काढा. ० ते १० पैकी ६ किंवा जास्त आला तर स्रोत नक्की बदलता. दुरुस्तीनंतर निर्देशांक कोसळला, तर लय दुर्बिणीची होती.

दुसरी अडचण फोटॉनच्या संख्येची. हे निरीक्षण सुमारे १,९०,००० सेकंदांचं आहे. स्रोताचे एकूण २०० फोटॉन असतील आणि तुम्ही वेळेचे १००० सेकंदांचे कप्पे पाडले, तर कप्प्यात जेमतेम एक फोटॉन येतो. असा वक्र खालीवर होणारच, त्याला अर्थ नाही. १०,००० सेकंदांच्या कप्प्यात दहाच्या आसपास येतात, त्यातही अनिश्चितता तीनाची. स्रोत नसलेल्या जागेचा वक्र शेजारी काढून ठेवा. पार्श्वभूमीतली उसळी तिथे लगेच उघडी पडते.

याच निरीक्षणात खरा बदलही आहे. एम-५१-यूएलएस-१ हा स्रोत सुमारे तीन तास जवळजवळ पूर्ण झाकला गेला. २०२१ मध्ये त्याचं कारण म्हणून ग्रहाएवढा पिंड सुचवला गेला. त्यावर शिक्कामोर्तब झालेलं नाही. युक्तिवाद मात्र शिकण्यासारखा आहे. वायूचा ढग आड आला तर कमी ऊर्जेचे किरण आधी गळतात आणि रंग, म्हणजे कमी-जास्त ऊर्जेच्या किरणांचं प्रमाण, बदलतो. घन पिंड सगळ्या ऊर्जा सारख्याच अडवतो. म्हणून कमी आणि जास्त ऊर्जेचे वक्र वेगळे काढायची सवय लावून घ्या.

प्रश्न : एम-५१ चा यूएलएक्स-७ हा अतितेजस्वी क्ष-किरण स्रोत दर २.८ सेकंदांनी स्पंदतो. चंद्राच्या नेहमीच्या डेटात ते का सापडत नाही?
– भुसावळ

चंद्राची नेहमीची एक फ्रेम (एकदा टिपण्याचा वेळ) ३.२ सेकंदांची असते. अख्खं स्पंदन एकाच फ्रेममध्ये मिसळून जातं, ६.४ सेकंदांहून लहान आवर्तन त्यातून धड शोधता येत नाही. हा पल्सार (स्पंदणारा न्यूट्रॉन तारा) एक्सएमएम-न्यूटन या युरोपीय क्ष-किरण दुर्बिणीच्या पीएन कॅमेऱ्यात सापडला, त्याची फ्रेम ७३ मिलिसेकंदांची. तरीही दुर्बिणीच्या स्वतःच्या फिरण्याचा परिणाम काढायला फोटॉनच्या वेळा सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राला आणून घ्याव्या लागतात. शिवाय न्यूट्रॉन तारा जोडीदाराभोवती दोन दिवसांत फिरत असल्याने लय ताणते-आकसते. ती कक्षा हिशेबात धरली नाही, तर लांब निरीक्षणात आवर्तनांच्या आलेखातलं शिखर पसरून पार्श्वभूमीत बुडतं.

प्रश्न : तोरणमाळहून हे काही दिसेल?
– शहादा

दीर्घिका दिसेल, तिचे क्ष-किरण नाहीत; ते वातावरणातच शोषले जातात. एप्रिल-मेच्या अंधाऱ्या रात्री सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकापाशी साध्या द्विनेत्रीतून एक पुसट डाग सापडतो. संशोधन मात्र संगणकावरच. चंद्राच्या संग्रहातला जुना डेटा कोणालाही फुकट उतरवून घेता येतो.