काच साडेचार हजारांची, चिकटवणं कितीचं?

प्रश्न : सादर नमस्कार. मी वाईजवळच्या एका शाळेत शिकवते. माझी २०१७ची वॅगन-आर आहे. मागच्या महिन्यात एका शनिवारी पुण्याला जाताना सुरूर फाट्याच्या पुढे खडीने भरलेल्या डंपरच्या मागे होते. टप्पकन खडा काचेवर आला. पाहिलं तर मसुराच्या डाळीएवढा पांढरा डाग. दुर्लक्ष केलं. सोमवारी दुपारी शाळेतून निघताना गाडी तापली होती म्हणून एसी पूर्ण सोडला, आणि डोळ्यांदेखत त्या डागातून तडा निघून खालच्या कडेपर्यंत गेला. आता चांगला वीतभर आहे, माझ्याच बाजूला. कंपनीच्या वर्कशॉपने सगळं धरून ७,४०० रुपये सांगितले. गावातला काचवाला ४,५०० मागतो आणि 'तासाभरात गाडी घेऊन जा' म्हणतो. शेजारचे काका म्हणतात, तड्यात फेव्हिक्विक भरा, वर्षभर काही होत नाही. भाऊ म्हणतो, विमा आहे तर खिशातले कशाला घालतेस? पॉलिसीचा फोटो सोबत पाठवला आहे. दिवाळीच्या सुट्टीत महाबळेश्वरवरून आंबेनळी घाटाने दापोलीला जायचं आहे. तोवर थांबले तर चालेल का?
— एक शिक्षिका, वाई

उत्तर : मॅडम, काकांना माझा नमस्कार सांगा आणि फेव्हिक्विक चपलेसाठी ठेवा.

त्या शनिवारी तुम्ही डागावर नुसती पारदर्शक चिकटपट्टी लावून सोमवारी माझ्यासारख्या कुणा काच बसवणाऱ्याकडे आला असतात, तर काम काही शेकड्यांत झालं असतं. रुपयाच्या नाण्याएवढ्या डागात रेझिन, म्हणजे पातळ पारदर्शक चिकट द्रव, भरता येतं आणि ते अतिनील दिव्याखाली घट्ट होतं. अट एवढीच, की डाग कोरडा आणि स्वच्छ हवा, कडेपासून लांब हवा आणि चालकाच्या थेट नजरेत नको. त्यात आधीच फेव्हिक्विक किंवा नेलपॉलिश गेलं असेल तर रेझिनला आत शिरायला वाटच उरत नाही. पण तुमचा तडा आता कडेला टेकलाय. कडेला टेकलेल्या तड्यापुढं आमचं रेझिन हात टेकतं. काच बदलायची.

आणि तो एसी लावल्यावरच का पळाला? पुढची काच एक नसते, दोन असतात. मध्ये साधारण पाऊण मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा दाबून बसवलेला असतो. खडा लागला बाहेरच्या काचेला. बाहेरून ऊन, आतून गार झोत; गार बाजू आखडते, तापलेली पसरलेलीच राहते, आणि ही ओढाताण बरोबर दुखऱ्या जागी येऊन सुटते. घाटातही तेच होतं, फक्त कारण वेगळं. वळणावर एक चाक खड्ड्यात गेलं की गाडीचा सगळा सांगाडा थोडासा पिळतो, आणि काच त्याला चिकटलेली असल्यामुळं तीही पिळली जाते. आंबेनळीची वळणं मोजत बसू नका. दिवाळीपर्यंत थांबू नका.

आता खरा प्रश्न, ७,४०० की ४,५००. तुम्हाला वाटत असेल हा काचेतला फरक आहे. थोडा आहे. आपल्याकडच्या गाड्यांच्या बऱ्याचशा काचा मोजक्या कारखान्यांतून येतात. 'असाही इंडिया' या काच कंपनीचं नाव तुम्ही काचेच्या कोपऱ्यात वाचलं असेल. सेंट-गोबेन सेक्युरिटचे कारखाने तर आपल्या चाकणला आणि भोसरीला आहेत. गाडीच्या कंपनीचा शिक्का असलेली काच महाग पडते आणि बाहेरच्या बाजारात बिनशिक्क्याची मिळते. कोपऱ्यात आयएसआयची खूण आणि 'लॅमिनेटेड' हा शब्द बघा. ते असेल तर साडेचार हजारांच्या काचेला मी नाव ठेवणार नाही.

नाव ठेवीन ते 'तासाभरात'ला.

पूर्वी पद्मिनी, ॲम्बेसेडरच्या काचा रबरात बसायच्या. रबराच्या खाचेत सुतळी घालायची, काच बाहेरून टेकवायची आणि आतून सुतळी ओढत गेलं की रबराची ओठाळी पत्र्यावर चढायची. तासाभराचंच काम. मी धंदा शिकलो तो तिथंच. तुमची काच तशी नाही, ती पेस्टिंगची. पॉलियुरेथेनच्या गमनं, ज्याला आम्ही पीयू म्हणतो, ती पत्र्याला चिकटवलेली असते आणि गाडीच्या मजबुतीत तिचा वाटा असतो. गाडी उलटली तर छपराला आधार देते. शेजारच्या सीटसाठी एअरबॅग असेल तर ती फुगताना याच काचेवर टेकून मागं येते. काच जागची सुटली तर एअरबॅग कुणाला थोपवणार?

काम कसं होतं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला उभं राहून बघता येईल. वायपर आणि त्याखालचं प्लॅस्टिक निघालं की बारीक तार गमातून आरपार घालतात. एक जण आत, एक बाहेर, आणि करवत चालवावी तशी तार ओढत काच कापून काढतात. जुना गम पत्र्यापर्यंत खरवडायचा नसतो. एक-दोन मिलिमीटरचा थर ठेवून वरून ताजा छाटायचा. नवा गम ताज्या कापलेल्या जुन्या गमाला सगळ्यात चांगला धरतो. छाटताना रंग खरचटला तर तिथं प्रायमर, म्हणजे गमाआधीचा पातळ लेप, लावलाच पाहिजे, नाहीतर आतून गंज धरतो आणि तीन-चार वर्षांनी तुम्ही म्हणता, काचेतून पाणी कुठून येतंय? नव्या काचेच्या कडेला जी काळी पट्टी असते तिच्यावरही प्रायमर. ती पट्टी शोभेची नाही. ऊन लागून गम खराब होऊ नये म्हणून ती असते.

मग गम भरलेली गन. चकलीच्या सोऱ्यातून पडावी तशी धार, पण त्रिकोणी, सारख्या उंचीची, न तोडता एका दमात, आणि जिथं सुरू केली तिथंच आणून मिळवायची. रबरी वाट्यांनी काच उचलून दोघांनी एकदाच टेकवायची. टेकवल्यावर इकडंतिकडं सरकवली की धार फाटली समजा. हे सगळं हात चालणाऱ्या माणसाचं तासा-दीड तासाचं काम आहे, तुमचा काचवाला खोटं बोलत नाही. पण त्यानंतर वाट बघायची असते.

पीयू हवेतलं पाणी पिऊन घट्ट होतो, बाहेरून आत. चांगल्या हवेत चोवीस तासांत तीन-चार मिलिमीटर. म्हणजे पावसाळ्याच्या दमट हवेत लवकर, आणि आपल्या वाईच्या कोरड्या थंडीत रेंगाळत. (लोकांना उलटं वाटतं. पावसात काच बसवू नका हे खरं, पण ते पत्रा ओला नको म्हणून.) गाडी किती वेळानं रस्त्यावर न्यायची ते प्रत्येक ट्यूबच्या कागदावर लिहिलेलं असतं, काही तासाभराच्या असतात, काहींना त्याहून बराच वेळ लागतो. म्हणून काचवाल्याला ट्यूब दाखवायला सांगा. तिची मुदतीची तारीख वाचा, प्रायमर लावणार का ते विचारा, आणि 'सिलिकॉन मारतो' म्हणाला तर चहा पिऊन परत या. सिलिकॉन बाथरूमसाठी. काचेचं वजन पेलायचं ते काम नाही, वर जिथं सिलिकॉन लागला तिथं पुढच्या वेळी पीयूसुद्धा धरत नाही.

हे मला कुणी शिकवलं नाही. २००४च्या मे महिन्यात एक गृहस्थ आले. मुलाचं लग्न, सजवायची गाडी, काचेला तडा. 'दोन तासांत द्या.' दिली. वऱ्हाडानं काचा सगळ्या वर करून दारं धाडधाड आपटली. बंद गाडीत दार आपटलं की आतली हवा काचेला आतून ढकलते, आणि गम अजून लोण्यासारखा होता. वरच्या कोपऱ्यात काच दोरा मावेल एवढी उचलली गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. जूनमध्ये ते परत आले. भांडले नाहीत, पैसे मागितले नाहीत. गाडीतलं भिजून वास मारणारं पायपुसणं माझ्या टेबलावर, बिलबुकाशेजारी ठेवलं आणि खुर्चीत बसून राहिले. काच मी परत बसवली, फुकट. तेव्हापासून माझ्याकडं गाडी रात्रभर राहते. ज्याला चालत नाही त्याला मी दुसऱ्याचा पत्ता देतो.

तुम्हीही गाडी संध्याकाळी द्या, सकाळी घ्या. पहिले दोन दिवस दाराची एक काच दोन बोटं खाली ठेवा, दारं हळू लावा, कडेच्या चिकटपट्ट्या काढू नका, आणि आठवडाभर प्रेशरचं वॉशिंग नको. नंतर घरच्या नळीनं वरून साधं पाणी सोडा आणि डॅशबोर्डखाली हात घालून बघा.

आता तुमच्या भावाचं. पॉलिसी पाहिली. गाडीच्या नुकसानीचा हप्ता सूट धरण्याआधी ४,२०० आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्के. काचेला घसारा लागत नाही, हे तुमच्या बाजूचं. पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीनं तुमचे जातात. बीडिंगचे, म्हणजे काचेच्या कडेच्या पट्टीचे, निम्मे आणि गम-प्रायमर हेही तुमच्याच माथी, कारण खपाच्या वस्तूंचं ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचं कलम, तुम्ही घेतलेलं नाही; ते मी आठशे धरतो. ७,४०० मधून हातात आले ५,६००. क्लेम घेतला की पुढच्या वर्षी बोनस शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असं चढत परत ५० व्हायला पाच वर्षं. दरवर्षीचा फरक मांडला तर ५०, ३०, २५, १५ आणि ५, म्हणजे एकूण १२५ टक्के. ४,२००च्या हिशेबानं ५,२५०. गाडी जुनी होईल तसा हप्ता उतरेल आणि हा आकडा थोडा कमी भरेल, तरी साडेपाच हजार मिळवायला पाच हजाराच्या आसपास घालवायचे आणि वर नुकसान बघायला येणाऱ्या विमा कंपनीच्या सर्व्हेअरची वाट बघायची. तुमच्या जागी मी क्लेम ठेवून देईन, दापोलीच्या घाटात खरंच काही झालं तर हाताशी असावा. ज्यांनी बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलंय त्यांचं गणित वेगळं. त्यांनी जरूर क्लेम करावा, पण आधी कंपनीला कळवून. सर्व्हे व्हायच्या आत फुटकी काच काढली तर मग दाखवणार काय?

एक गोष्ट सगळे विसरतात. तुमचा फास्टॅग जुन्या काचेबरोबर जातो. खरवडून काढला तर आतली अँटेना फाटते आणि तो नव्या काचेवर चालत नाही, तसा तो मुद्दाम बनवलेला असतो. गाडी कामाला टाकायच्या आधीच बँकेकडं बदली टॅग मागा. पैसे खात्यात असतात, टॅगमध्ये नसतात. नाहीतर खेड शिवापूरच्या नाक्यावर जादा टोल भरताना माझी आठवण काढाल. आणि नवा टॅग हातात धरून दाखवायचा नाही, चिकटवायचा. न चिकटवलेल्या टॅगवर दुप्पट टोल घ्यायच्या सूचना महामार्ग प्राधिकरणानं २०२४च्या जुलैमध्ये दिल्या आहेत.

प्रश्न : माझ्या गाडीची मागची काच पोरांच्या चेंडूनं फुटली आणि साखरेच्या खड्यांसारखी सगळी सीटवर पडली. पुढची काच अशी का पडत नाही? मागचीही पुढच्यासारखी करून मिळेल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : मागची आणि दारांच्या काचा टफन्ड, म्हणजे तापवून झटकन गार केलेल्या. फुटल्या की धारदार सुरा न होता दाणे होतात. पुढची मघाशी सांगितली तशी दुहेरी. तडकते पण पापुद्र्याला धरून राहते. एदुआर बेनेदिक्तुस नावाच्या फ्रेंच माणसानं या दुहेरी काचेचं पेटंट १९०९ साली घेतलं. प्रयोगशाळेत पडलेला चंबू फुटूनही विखुरला नाही, कारण आत वाळलेल्या रसायनाचा पातळ थर होता, त्यावरून त्याला सुचलं असं सांगतात. मागं मूळ आहे तशीच बसवा. फक्त तिच्यातल्या गरम तारांची जोडणी तुमच्या मॉडेलची आहे ना, ते घेताना बघा. आणि दाणे सीटच्या फटींतून महिनाभर निघत राहतील, लहान मुलांना मागं बसवण्याआधी व्हॅक्यूम दोनदा फिरवा.

प्रश्न : नवी काच बसवून तीन महिने झाले. वायपरच्या वाटेवर कमानीसारख्या रेषा उठल्यात, रात्री समोरच्या दिव्यात चमकतात. काच हलकी निघाली का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : काच नवी, पण वायपरची पाती कोणती? जुनीच असणार. जुन्या रबराच्या कडेत धूळ आणि काचकाम करताना पडलेली काचेची बारीक कच अडकून बसते, आणि कोरड्या काचेवर एकदा वायपर फिरवला की पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. नखानं रेष चाचपा. नख अडत नसेल तर सिरियम ऑक्साइडची पावडर पाण्यात कालवून लोकराच्या चकतीनं घासून घेता येते. काच तापू न देता करणारा माणूस हवा. नख अडत असेल तर घासू नका, त्या जागी लाटेसारखं दिसायला लागतं. पाती आजच बदला, आणि सकाळी धूळ असेल तर आधी पाण्याची चूळ, मग वायपर.