‘ऑगस्ट’ हे विशेषण लिहिण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

फोर्टमधील वारसा फेरीसाठी तू लिहिलेला इंग्रजी मजकूर वाचला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीला तू ‘ऑगस्ट’, म्हणजे ‘आदर वाटावा असे’, हे विशेषण लावले आहेस. हा शब्द मला फार प्रिय आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

त्याचे मूळ लॅटिन ‘ऑगस्टस’. अभ्यासक त्याचे नाते ‘वाढवणे’ या अर्थाच्या ‘ऑगेरे’ या क्रियापदाशी जोडतात. बोली चढत जाते म्हणून लिलावाला मिळालेले ‘ऑक्शन’ हे नावही त्याच क्रियापदातले. रोमन लोक मात्र विधिपूर्वक पवित्र केलेल्या स्थानांनाही ‘ऑगस्टस’ म्हणत, आणि त्यामुळेच इ.स.पूर्व २७ मध्ये सिनेटने पहिला रोमन सम्राट मानल्या जाणाऱ्या ऑक्टेव्हियनला ही पदवी दिली तेव्हा ‘राजा’ हा रोमनांना नकोसा झालेला शब्द न उच्चारताही त्याला इतरांहून वरचे स्थान देता आले. पुढे इ.स.पूर्व ८ मध्ये ‘सेक्स्टिलिस’ महिन्याला त्याचे नाव मिळाले. आपल्या ऑगस्ट क्रांती मैदानाच्या नावात आहे तो हा महिना. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात. पण इंग्रजीत महिन्याच्या नावात आघात पहिल्या अक्षरावर येतो आणि विशेषणात दुसऱ्यावर, हे फेरीत बोलताना सांभाळ.

आता तुझ्या वाक्याकडे येतो. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने उभारलेल्या त्या स्थानकाचा घुमट आणि कोरीवकाम पाहून डोळे दिपतात, आणि त्यासाठी ‘मॅग्निफिसंट’ हा शब्द अगदी योग्य आहे. ‘ऑगस्ट’ला केवळ भव्यता पुरत नाही, पाहणाऱ्याने आपोआप अदबीने उभे राहावे, असा अधिकार किंवा परंपरा त्यामागे असावी लागते. विधिमंडळाला ‘ऑगस्ट हाउस’ म्हणतात ते सभागृहाच्या उंचीमुळे नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना १८६२ ची आणि सध्याची इमारत १८७८ मध्ये पूर्ण झालेली; माझ्या मते हे विशेषण त्यांपैकी संस्थेला शोभते, दगडी मनोऱ्यांना नाही.

तुझ्या फेरीत उच्च न्यायालयही आहेच. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांनी जिथे आपले उद्गार काढले, त्या न्यायदालनाबाहेर ते आज फलकावर कोरलेले आहेत. तिथे हे विशेषण जरूर वापर. फक्त तो आदर न्यायासनासाठी आहे की आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसासाठी, हे वाक्यातून स्पष्ट होऊ दे.

तुझा शुभचिंतक